रेडिएटरमधलं पाणी

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गाडी. आमची १९८४ची प्रीमिअर पद्मिनी. नातेवाइकांना ती माहीत आहेच (तुमच्यातल्या निम्म्यांच्या वराती तिच्यातून निघाल्यात), बाकीच्यांसाठी सांगतो. बाबांनी ती १९८८ साली जुनी म्हणून घेतली आणि आजही ती आमच्या दारात उभी आहे. चालते. फक्त मधूनमधून तापते.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांची वही सापडली. शंभर पानी, निळी रेघ. त्यात गाडीचा सगळा हिशोब: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे लागले. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. वही उघडून तिथेच माळ्यावर वाकून बसलो, आणि दर तीन-चार महिन्यांनी येणारी एक नोंद दिसायला लागली: "रेडि. पाणी बदलले. सो. ऑ. २ चमचे."

सो. ऑ. म्हणजे सोल्युबल ऑइल. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, शेवटी फोरमन झाले. लेथवर धातू कापताना हत्यार तापू नये म्हणून जे दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते या तेलाचं. आमच्या लहानपणी घरात 'कुलंट' हा शब्द त्या पांढऱ्या पाण्यासाठीच होता. बाबांच्या खाकी कपड्यांना त्याचा वास यायचा. गाडीतल्या कुलंटशी त्याचा काही संबंध असतो हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे मी ते कळूनच घेतलं नाही, आणि त्यावरून एकदा बाबांना नको ते बोललो. ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. मला या वहीमुळे तो शोधावा लागला.

गाडीचं इंजिन पेट्रोल जाळतं. त्यातली साधारण पाव हिश्शाची शक्ती चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता असते आणि ती कुठेतरी टाकून द्यावी लागते. सुरुवातीच्या काळात ती टाकण्याची पद्धत अगदी आपल्या चुलीवरच्या आधणासारखी होती. पाणी उकळू द्यायचं, वाफ उडून जाऊ द्यायची, वरून नवीन पाणी ओतायचं. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्टसहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. तिने वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याहून जास्त वेळा तिला थांबावं लागलं ते पाण्यासाठी. जिथे मिळेल तिथे पाणी भरायचं आणि पुढे जायचं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

मग विल्हेल्म मायबाख या माणसाने १९००-०१ साली मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या होत्या, आणि सगळ्या गाडीला ९ लिटर पाणी पुरायला लागलं. तेच पाणी फिरून फिरून थंड व्हायचं. पुढे १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला (पहिल्या काही गाड्या सोडल्या तर) पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार होऊन खाली उतरतं, एवढ्यावर काम भागायचं.

पण 'तेच पाणी पुन्हा पुन्हा' म्हटलं की दोन नवे प्रश्न आले. एक, थंड देशांत रात्री ते गोठतं, आणि गोठताना फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडतं. दोन, तेच पाणी आत राहिलं की ते धातू खातं.

युरोप-अमेरिकेत पहिल्या प्रश्नाची भीती जास्त. म्हणून लोकांनी रेडिएटरमध्ये काय काय घातलं ते वाचून करमणूक होते: स्पिरिट, ग्लिसरीन, मीठ, साखर, चक्क मध! स्पिरिट उडून जायचं, मिठाने लोखंड गंजायचं, मधाचं काय होत असेल ते तुम्हीच कल्पना करा. शेवटी कामाला आलं एथिलीन ग्लायकॉल. व्युर्त्स नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८५०च्या दशकातच बनवलं होतं, पण गाडीत पोचायला सत्तर वर्षं गेली. १९२७ साली अमेरिकेत ते 'प्रेस्टोन' नावाने विकायला आलं. ते उडून जात नव्हतं, म्हणून एकदा भरलं की हिवाळाभर निश्चिंती.

यातली एक गंमत मला फार आवडली. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पण निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतं. दोघांपैकी कोणीही एकटं इतकं टिकत नाही. विमानवाल्यांनाही हा धडा घ्यावा लागला. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल असायचं. ते गळायचं, पेट घ्यायचं. पुढे तीस टक्के ग्लायकॉल आणि सत्तर टक्के पाणी असं मिश्रण आलं.

आता आपल्याकडे या. पुण्यात काही पाणी गोठत नाही. साताऱ्यातही नाही. त्यामुळे 'अँटीफ्रीझ' हा शब्दच आपल्याला परका. आपला शत्रू उकळी. आणि उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात धरणारं स्वस्त असं काही नाही. ग्लायकॉलचं मिश्रण त्याहून कमीच उष्णता वाहतं. म्हणून आपल्या मेकॅनिकांनी, ड्रायव्हरांनी आणि आमच्या बाबांनी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं, ते काही निव्वळ अडाणीपणाने नव्हे. ग्लायकॉलने उत्कलनबिंदू थोडा वर जातो, निम्म्या मिश्रणात १०७-१०८ अंशांपर्यंत. पण त्याहून जास्त काम करतं ते रेडिएटरचं झाकण. प्रेशर कुकरचंच तत्त्व. झाकणाची स्प्रिंग गेली, रबर कडक झालं, की कितीही महागाचं कुलंट घाला, गाडी घाटात शिटी मारणारच. (महाबळेश्वराच्या उंचीवर तर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे डाळ शिजत नाही म्हणून आजी कुरकुरायची.)

आपण चुकलो ते दुसऱ्या प्रश्नाबाबत. धातू खाण्याच्या.

पद्मिनी म्हणजे मूळची फिआट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून बनायची, सत्तरच्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांत लेख आले होते, आठवत असेल. तर या गाडीचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वरचं हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि त्याचे सांधे शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेले. इतके धातू, आणि त्या सगळ्यांतून फिरणारं पाणी एकच. शाळेत आपण लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून वीज तयार केली होती ना? तेच. गाडीच्या पोटात चोवीस तास एक मंद बॅटरी चालू असते आणि तिची किंमत लोखंड, ॲल्युमिनियम आणि डाख मोजतात. त्यात पाणी विहिरीचं, बोअरचं असेल तर क्षारांचा थर वेगळा. घरातल्या तांब्याच्या बंबात आतून जो पांढरा दगड धरतो तोच इथे बारीक नळ्यांत धरतो. बंबातला टाकी-हातोडीने काढता येतो. इथला नाही.

हे कळल्यावर मी बाबांच्या दोन चमचांकडे परत आलो. आणि काय सापडावं? गंज थांबवायला रेडिएटरच्या पाण्यात सोल्युबल ऑइल घालणं ही एके काळची छापील, शिफारस केलेली पद्धत होती! गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या परदेशी दुरुस्तीच्या लिखाणात ती सापडते. तेलाचा अतिशय पातळ थर धातूवर बसतो आणि पाणी त्याला थेट भिडत नाही. बाबांना हे कारखान्यातल्या कोणा वडीलधाऱ्याने सांगितलं असणार, त्याला आणखी कोणी. मी मात्र त्याला इतकी वर्षं 'कारखान्यातलं फुकटचं तेल' समजत होतो.

आता ते बोलणं. १९९९चा मे महिना. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं, कॉम्प्युटरची, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटायचं वय. आम्ही गावच्या जत्रेला निघालो होतो. बाबा चालवत होते, आई आणि सातारच्या आत्या मागे. खंबाटकी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काटा लाल रेघेला गेला आणि बॉनेटमधून वाफ. मी बाटली घेऊन उतरलो आणि झाकणाला हात घालणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब. हेड तडकंल." पाऊण तास ते आम्हाला उन्हात थांबवून स्वतः चाकापाशी उकिडवे बसले. शेजारच्यांच्या नव्या गाडीत पेट्रोलपंपावर मिळणारं हिरवं कुलंट मी पाहिलं होतं. मी आत्यांच्या देखत म्हणालो, "दीडशे रुपयांचं कुलंट आणायला काय होतं? प्रत्येक गोष्टीत कारखान्यातलं फुकटचं!"

बाबा काही बोलले नाहीत. आत्या मात्र गावापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

वहीत त्या मे महिन्याची नोंद आहे. जत्रेहून परतल्यावर चार दिवसांनी. "खालचा होज आतून मऊ झाला होता. वेगात चपटा होतो, पाणी अडते. तेलाने रबर फुगते. प्रमाण जास्त झाले. माझी चूक. नवा होज. पुढे सो. ऑ. बंद."

मी हे तीन-चारदा वाचलं. म्हणजे मी बरोबर होतो का? नाही. मी कंजूषपणा म्हणालो होतो. त्यांनी चूक शोधली होती, ती कंजूषपणाची नव्हती, प्रमाणाची आणि रबराची होती. जुन्या पुस्तकांत सोल्युबल ऑइल मागे पडण्याचं एक कारण हेच दिलेलं असतं. रबराचे पाइप फुगतात. बाबा ते स्वतःच्या हाताने होज पिळून बघून शिकले. आणि त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या पानावर नोंद आहे: "हिरवे कुलंट १ भाग, डि. वॉटर २ भाग." डि. वॉटर म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. पुढे दर दोन वर्षांनी तीच नोंद, न चुकता, २०१४ पर्यंत.

मग गाडी माझ्याकडे आली. आणि मी काय केलं, तर दुकानदाराने "साहेब, हे पाच वर्षं बघायला नको" म्हणून दिलेलं नारिंगी कुलंट भरलं. वही तेव्हा माळ्यावर होती.

इथे रंगांबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ग्लायकॉलला स्वतःचा रंग नसतो. रंग कंपनी घालते, आणि त्याला कुठलाही जागतिक नियम नाही. महत्त्वाचं असतं ते त्यात मिसळलेलं गंजरोधक. जुन्या पद्धतीच्या, बहुधा हिरव्या कुलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अकार्बनी द्रव्यं असतात. ती आतल्या सगळ्या धातूंवर चटकन थर देतात, पण दोन वर्षांत संपतात. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं असतात. ती फक्त जिथे गंज सुरू होतो तिथेच चिकटतात, म्हणून जास्त काळ पुरतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर असं नारिंगी कुलंट आणलं आणि 'लाँग लाइफ' हा शब्द रूढ झाला. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नव्या गाड्यांसाठी ते उत्तमच आहे. पण जुन्या गाड्यांतल्या शिशाच्या डाखाला ते पुरेसं जपत नाही, असं या गाड्यांतले जाणकार सांगतात. शिवाय हिरव्यावर नारिंगी ओतलं तर दोन्हींचे गुण जातात, कधी गाळही धरतो.

माझ्या गाडीला दीड वर्षाने वरच्या टाकीच्या सांध्यातून गळती लागली. नारिंगी कुलंटने डाख खाल्ला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ज्या रेडिएटरवाल्याकडे नेली (कल्हईवाल्यांच्या पिढीतला माणूस, भाता जाऊन आता गॅसची बत्ती आली आहे एवढंच), त्याने टाकी उघडून दाखवली आणि म्हणाला, "भोक जुनंच आहे. गंजानं बुजलं होतं. तुमच्या नव्या पाण्यानं गंज धुतला." हेही खरं असू शकतं. ताजं कुलंट जुनी घाण सोडवतं आणि झाकलेलं उघडं पाडतं. दोन्ही कारणं मिळून झालं असेल. डाख नवा दिला, आतल्या नळ्यांतून सळई घालून क्षार काढले, आणि त्याने पैसेही फार घेतले नाहीत.

यावेळी मी वहीप्रमाणे सगळं केलं. रेडिएटरखालचा कॉक आणि ब्लॉकवरचा कॉक दोन्ही उघडले. (ब्लॉकवरचा बहुतेक जण विसरतात, मग निम्मं जुनं पाणी आतच राहतं.) बागेच्या पाइपने उलट्या बाजूने पाणी सोडलं. आधी चहासारखं आलं, मग सरबतासारखं, अर्ध्या तासाने नितळ. चारही होज पिळून पाहिले, खालचा बदलला. झाकण नवं घेतलं, पण जुन्यावर छापलेल्या दाबाचंच. जास्त दाबाचं लावलं तर चाळीस वर्षांच्या सांध्यांवर ताण येतो. आणि थर्मोस्टॅट! आपल्याकडच्या मेकॅनिकांचा पहिला उपाय म्हणजे तो काढून फेकणं. आमच्याही गाडीत नव्हता. त्याने गाडी तापायची थांबत नाही, उलट सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये चिखल धरतो. मुंबईत एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते स्वयंपाकघरात बघितलं. आईने विचारलं, हे काय शिजतंय.

मग हिरवं, जुन्या पद्धतीचं, डब्यावर सिलिकेट स्पष्ट लिहिलेलं आणि भारतीय मानक आयएस ५७५९ छापलेलं. एक भाग कुलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आपल्या हवेत याहून घट्ट करायची गरज नाही. उष्णता वाहायला पाणी जितकं जास्त तितकं बरं, आणि गंजरोधक एक तृतीयांशात पुरतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे निघू दिले, मग कमी झालं तेवढं भरलं.

निघालेलं जुनं कुलंट गटारात ओतू नका, एवढी एक विनंती. ते गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. मुंबईकरांना १९८६चं जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण आठवत असेल. चौदा रुग्ण गेले होते, औषधाच्या ग्लिसरीनमध्ये औद्योगिक डायएथिलीन ग्लायकॉल आलं होतं म्हणून. ते याच घराण्यातलं. मी जुनं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून गॅरेजवाल्याकडे दिलं, तो टाकाऊ ऑइलबरोबर देतो.

मागच्या रविवारी खंबाटकी चढलो. आई पुढे बसली होती, मागे आत्या. आता त्यांना ऐकू कमी येतं. दुसऱ्या गिअरमध्ये सगळा घाट. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर मी बाजूला घेऊन उगीचच थांबलो. आत्यांनी विचारलं, "तापली काय रे?" म्हटलं, नाही, आणि मग १९९९च्या त्या दिवसाचं वहीतलं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वही सोबत घेतली होती. त्या ऐकून म्हणाल्या, "त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं, होज गेला म्हणून. म्हणाला, पोराला नको सांगू, त्याला वाटंल आपण बोललो ते बरोबरच होतं."

घरी येऊन बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं: हिरवे १, डि. वॉटर २. खालचा होज नवा. थर्मोस्टॅट बसवला. पुढचा बदल दोन वर्षांनी.